पाहिले काय आणि ताडले काय?



तुमची रसायनशास्त्राची प्रयोगवही उघडा. पानावर तीन रकाने आखलेले असतील: प्रयोग, निरीक्षण आणि अनुमान. पहिल्या रकान्यात आपण काय केले ते लिहायचे, दुसऱ्यात काय दिसले ते आणि तिसऱ्यात त्यावरून काय ठरवले ते. कागदावर हे रकाने आखायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांमधली उभी रेघ मनात आखणे मात्र बरेच अवघड आहे. सगळे रसायनशास्त्र या रेघेच्या दोन बाजूंना उभे आहे, असे म्हटले तरी चालेल.

एक साधे उदाहरण घ्या. परीक्षानळीत संगमरवराचा तुकडा टाकून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले. पुष्कळ वह्यांत निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलेले असते, 'कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला.' आता विचार करा, कार्बन डायऑक्साइड कोणी पाहिला? तो तर रंगहीन वायू आहे. डोळ्यांना दिसले ते एवढेच: द्रव फसफसला, बुडबुडे वर आले, तुकडा झिजत गेला. बाहेर पडणारा वायू चुन्याच्या निवळीतून सोडला तेव्हा निवळी दुधाळ झाली. हे झाले निरीक्षण. तो वायू कार्बन डायऑक्साइड असावा, हे अनुमान.

तुम्ही म्हणाल, हा नुसता शब्दांचा कीस झाला. शेवटी उत्तर तर तेच! पण उत्तर दर वेळी तेच असते असे नाही. संगमरवराऐवजी एखाद्या सल्फाइट क्षारावर विरल आम्ल टाकले, तर सल्फर डायऑक्साइड निघतो. तोही रंगहीन आहे आणि चुन्याची निवळी त्यानेही दुधाळ होते. म्हणजे 'निवळी दुधाळ झाली' हे निरीक्षण एकच, पण त्यामागे कारणे दोन असू शकतात. जो विद्यार्थी निवळी दुधाळ होताच 'कार्बन डायऑक्साइड' असे लिहून मोकळा होतो, तो इथे फसतो. जो 'निवळी दुधाळ झाली. जळत्या गंधकासारखा उग्र वास आला' असे लिहितो, त्याच्या हाती पुढचा मार्ग राहतो. तो आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद नळीच्या तोंडाशी धरतो. नारिंगी कागद हिरवा झाला, की दोन कारणांपैकी कोणते खरे ते त्याला कळते.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात अनुमानाचे एक जुने उदाहरण आहे. दूरच्या डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी असला पाहिजे. धूर दिसला हे प्रत्यक्ष. अग्नी आहे हे अनुमान. पण हिवाळ्यातल्या सकाळी डोंगरावर जे करडे-पांढरे काही तरंगताना दिसते, ते धुके असले तर? डोळ्यांनी काही चूक केलेली नसते. करडे काहीतरी होतेच. चूक झाली ती 'करडे काहीतरी' याला घाईने 'धूर' म्हणण्यात.

आता आपण असाच एक प्रयोग करून पाहू. तो तुमच्या ओळखीचा आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे.

बशी, पेला आणि मेणबत्ती

एका खोलगट ताटलीत मध्यभागी छोटी मेणबत्ती उभी करा. ताटलीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी ओता. पाणी ओळखू यावे म्हणून त्यात थेंबभर शाई घाला. मेणबत्ती पेटवा आणि तिच्यावर काचेचा उभट पेला पालथा घाला. पेल्याच्या कडेखाली दोन-तीन नाणी ठेवा, म्हणजे पाण्याला आत जायला वाट राहील. (मोठ्या माणसांना जवळ ठेवा; केस आणि ओढणी ज्योतीपासून दूर असू द्या.)

थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी वर चढते. पुष्कळ पुस्तकांत याचे स्पष्टीकरण पुढीलप्रमाणे दिलेले आढळते: हवेत सुमारे एक पंचमांश भाग प्राणवायू असतो. मेणबत्तीने तो वापरून टाकला, तो संपला म्हणून ती विझली. त्याची जागा रिकामी झाली, ती पाण्याने घेतली. म्हणून पाणी पेल्याच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढते.

किती नेटके स्पष्टीकरण आहे! आकडासुद्धा जुळतो. यात शंका घ्यायला जागा कुठे आहे?

जागा आहे की नाही ते ठरवण्यापूर्वी प्रयोग पुन्हा करा, आणि या वेळी पुस्तक मिटून ठेवा. पेल्याच्या बाहेरून कागदाची उभी पट्टी चिकटवा, म्हणजे पाणी केव्हा कुठवर आले याची खूण करता येईल. घड्याळ जवळ ठेवा. आणि जे दिसेल ते, फक्त तेवढेच, क्रमाने लिहा. लक्ष देऊन पाहिले तर तुमची यादी साधारण पुढीलप्रमाणे होईल:

१. पेला पालथा घालताना त्याच्या कडेखालून काही बुडबुडे बाहेर निसटले. (पाण्यात थोडा साबण मिसळला तर हे बुडबुडे चांगले दिसतात.)

२. ज्योत काही सेकंद नीट जळत होती. तेवढ्या वेळात आतले पाणी फारसे चढले नाही.

३. पेल्याच्या आतल्या बाजूला वाफेचा पुसटसा थर धरला.

४. ज्योत लहान होत जाऊन विझली.

५. ज्योत मंदावू लागली तेव्हा, आणि विशेषतः ती विझल्यावर, पाणी भराभर चढले. मग त्याचा वेग कमी होत जाऊन ते थांबले.

यातले पाचवे निरीक्षण पुन्हा वाचा. प्राणवायू केव्हा खर्च होतो? मेणबत्ती जळत असताना. मग त्याची जागा घेण्यासाठी पाणी चढत असेल, तर तेही जळण्याच्या काळात हळूहळू, एकसारखे चढायला हवे. प्रत्यक्षात मेणबत्ती जळत असताना पाणी जवळजवळ स्वस्थ असते आणि ती विझल्यावर धावत सुटते! आणि पहिल्या निरीक्षणाचे काय? हवा कमी होत असेल, तर बुडबुडे बाहेर का पडावेत?

निरीक्षणाची यादी नीट केली, तर अशी ती आपल्याशी बोलू लागते.

अनुमानाला प्रश्न विचारा

शंका आली म्हणून एखादे अनुमान लगेच खोटे ठरत नाही. त्याला प्रश्न विचारावा लागतो. 'तू खरे असशील, तर अमुक केल्यावर काय घडायला हवे?' असे विचारायचे, उत्तर आधी लिहून ठेवायचे आणि मग प्रयोग करायचा. विज्ञानातल्या शोधाची ही रीत आहे.

पहिला प्रश्न: तोच पेला ठेवून आत एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? पेला तोच, म्हणून आतला प्राणवायूही तेवढाच. पाणी प्राणवायूच्या जागी चढत असेल, तर तीन मेणबत्त्या लवकर विझतील, पण पाणी पूर्वीइतकेच चढेल. करून पाहा. तीन मेणबत्त्यांनी पाणी स्पष्टपणे जास्त उंच चढते.

दुसरा प्रश्न: पेला ज्योतीवर झटकन ठेवण्याऐवजी आधी काही सेकंद ज्योतीच्या वर पालथा धरला आणि मग सावकाश खाली आणला तर? हवेतले प्राणवायूचे प्रमाण काही वाढणार नाही. तरीही पाणी जास्त चढते.

तिसरा प्रश्न: आत काहीच जाळले नाही तर? काचेची रिकामी, कोरडी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात गळ्यापर्यंत उभी धरा. आत पाणी जाऊ देऊ नका. पाणी चांगले गरम असावे, पण उकळते नको. पाच मिनिटांनी बाटली फडक्याने उचलून ताटलीतल्या गार पाण्यात पटकन उलटी ठेवा. बाटली निवत जाईल तसे पाणी आत चढेल. इथे ना ज्योत, ना ज्वलन. प्राणवायू जितका होता तितकाच आहे. तरी पाणी चढले!

तिन्ही उत्तरांचा रोख आता एकाच दिशेला आहे. ज्योतीने पेल्यातली हवा तापते आणि प्रसरण पावते. पेला ठेवताना त्यात तापलेली, विरळ झालेली हवा कोंडली जाते. काही हवा तर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेरही निसटते. ज्योत विझली की उष्णता मिळेनाशी होते, आतली हवा गार होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब पाण्याला आत ढकलतो. जास्त मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, म्हणून पाणी जास्त चढते. या अनुमानात बुडबुडेही बसतात, विझल्यावर पाण्याने घेतलेली धावही बसते. शिवाय मेण जळताना जी पाण्याची वाफ तयार होते, ती काचेवर थिजल्यानेही आतल्या वायूचे आकारमान थोडे कमी होते. तिसरे निरीक्षण आठवते ना?

थोडे गणित

आता प्राणवायूचा हिशेब मांडू. मेण म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अनेक संयुगांचे मिश्रण. त्यातले एक प्रातिनिधिक संयुग घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे २५ आणि हायड्रोजनचे ५२ अणू असतात. तो पूर्ण जळायला प्राणवायूचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ रेणू तयार होतात. समीकरण स्वतः मांडून अणूंचा जमाखर्च तपासा.

म्हणजे ३८ घनमिलिलिटर नव्हे, तर कोणत्याही मापाने ३८ भाग प्राणवायू खर्च झाला, तर त्याच्या जागी २५ भाग कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. तो तिथे आहे याची खात्री करायची असेल, तर मेणबत्ती विझलेल्या बाटलीत चुन्याची निवळी घालून हलवा. निवळी दुधाळ होईल. तेव्हा प्राणवायू 'नाहीसा' होऊन पोकळी पडते, हे म्हणणेच बरोबर नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरे. पण ताटलीतल्या स्वस्थ पाण्यात तो सावकाश विरघळतो, काही सेकंदांत नव्हे.

आणखी एक गोष्ट. कोंडलेल्या हवेतला प्राणवायू पूर्ण संपेपर्यंत मेणबत्ती जळत राहत नाही. प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले, की सामान्यतः ती विझते. समजा, पेल्यात ५०० मिलिलिटर हवा आहे. तिच्यात प्राणवायू सुमारे १०५ मिलिलिटर. मेणबत्ती विझते तेव्हा त्यातला ८० मिलिलिटर शिल्लकच असतो. खर्च झाला फक्त २५ मिलिलिटर, आणि त्याच्या जागी आला सुमारे १६ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड. खरी घट उरली ९ मिलिलिटर, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एक पंचमांश म्हणजे तर १०० मिलिलिटर!

मग काही वेळा पाणी बरोबर एक पंचमांश चढलेले दिसते, ते कसे? चार्ल्सचा नियम आठवा. दाब तोच असेल, तर वायूचे आकारमान त्याच्या केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलते. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्व्हिन. पेला पाण्याला टेकला त्या क्षणी आतल्या हवेचे सरासरी तापमान समजा १०२ अंश सेल्सियस, म्हणजे ३७५ केल्व्हिन होते. ती गार होऊन ३०० केल्व्हिनवर आली, की तिचे आकारमान ३७५ भागांवरून ३०० भागांवर येईल. पाच भागांचे चार भाग उरतील. झाला एक पंचमांश! मेणबत्ती थोडी मोठी, पेला थोडा उभट, हात थोडा सावकाश, असे काही असले की आकडा कमी-जास्त होईल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. आकडा जुळला, पण कारण वेगळेच होते.

इथे एक काळजी घ्या. 'मेणबत्ती प्राणवायू वापरते' हे विधान खरेच आहे. 'हवेचा सुमारे एक पंचमांश भाग प्राणवायू आहे' हेही खरे आहे. दोन्ही खऱ्या विधानांना जोडणारा जो 'म्हणून', तो तेवढा खोटा निघाला. खऱ्या निरीक्षणातून, खऱ्या माहितीच्या सोबतीनेसुद्धा, चुकीचे अनुमान निघू शकते ते असे.

खरा एक पंचमांश

मग हवेतला प्राणवायू पाण्याच्या पातळीवरून मोजताच येणार नाही काय? येईल. मात्र अशी क्रिया निवडायला हवी, जिच्यात उष्णता फार निर्माण होत नाही आणि प्राणवायूच्या जागी दुसरा वायू येत नाही. अशी क्रिया तुम्ही रोज पाहता. लोखंडाला गंज चढणे!

परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोखंडाचा बारीक कीस टाका आणि नळी फिरवा, म्हणजे कीस आत चिकटून राहील. किसाला तेलाचा अंश असेल तर तो आधी व्हिनेगरने धुऊन घ्या. नळी पाण्याच्या पेल्यात उलटी उभी करा. शेजारी किसाशिवाय दुसरी एक ओली नळी तशीच उलटी ठेवा. ती कशासाठी? दिवसाच्या उष्णतेने, थंडीने जो फरक पडेल तो दोन्ही नळ्यांत सारखा पडेल; त्यामुळे गंजाने झालेला फरक वेगळा ओळखता येईल. दररोज ठरलेल्या वेळी पातळीच्या खुणा करा. काही दिवसांत किसाच्या नळीत पाणी हळूहळू चढत जाते आणि सुमारे एक पंचमांश उंचीवर येऊन थांबते. दुसऱ्या नळीत तसे काही होत नाही. प्राणवायू लोखंडाशी संयोग पावून घन गंजात बांधला गेला, म्हणून त्याची जागा खरोखरच रिकामी झाली.

दोन्ही प्रयोगांत पाणी चढले, दोन्हीत कदाचित एकाच उंचीवर थांबले. पण एकात पाणी काही सेकंदांत धावले, दुसऱ्यात काही दिवस रेंगाळले. 'किती चढले' एवढेच लिहिले असते, तर हा भेद निसटला असता. 'केव्हा आणि कसे चढले' हे लिहिले, म्हणून तो हाती आला.

एकच वायू, दोन अनुमाने

शाळेतल्या मुलांचीच अशी फसगत होते असे समजू नका. अठराव्या शतकात युरोपातले थोर रसायनशास्त्रज्ञ याच मेणबत्तीपाशी अडले होते. त्या काळी असे मानीत, की जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात 'फ्लोजिस्टॉन' नावाचे तत्त्व असते आणि पदार्थ जळतो तेव्हा ते बाहेर पडते. बंद भांड्यात मेणबत्ती का विझते? तर आतली हवा फ्लोजिस्टॉनने भरून जाते, तिच्यात आणखी फ्लोजिस्टॉन मावत नाही, म्हणून! निरीक्षण तेच, आपण आज करतो तेच. अनुमान मात्र अगदी उलटे. आपण म्हणतो हवेतून काहीतरी खर्च होते. ते म्हणत हवेत काहीतरी भर पडते.

१ ऑगस्ट १७७४ या दिवशी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याची लाल राख (आपण तिला मर्क्युरिक ऑक्साइड म्हणतो) मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून तापवली. तिच्यातून जो वायू निघाला, त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. निरीक्षण अचूक होते. पण प्रीस्टलींनी अनुमान काढले ते असे, की या हवेत फ्लोजिस्टॉन मुळीच नसावा, म्हणून ती मेणबत्तीतला फ्लोजिस्टॉन इतक्या जोराने ओढून घेते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीस्टली पॅरिसला गेले असता त्यांनी हा प्रयोग आंत्वान लव्हाझिए यांना सांगितला. लव्हाझिए यांच्या प्रयोगशाळेत तराजूला मोठा मान होता. धातू तापवून त्याची राख केली की राखेचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते, हे पूर्वीच ठाऊक होते. फ्लोजिस्टॉन निघून गेला असेल तर वजन वाढावे कसे? लव्हाझिए यांनी कथील हवाबंद पात्रात तापवले. पात्रासकट एकूण वजन मुळीच बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि मग वजन वाढले. पुढे त्यांनी पारा आणि ५० घनइंच हवा यांना बारा दिवस तापवले. हवा ४२ ते ४३ घनइंच उरली. पाऱ्यावर जमलेली लाल राख वेगळी काढून अधिक तापवली, तेव्हा सात ते आठ घनइंच वायू परत मिळाला, आणि त्यात मेणबत्ती झगझगीत जळत होती. हवेतून जेवढे गेले होते, तेवढेच राखेतून परत आले! जमाखर्च जुळला. फ्लोजिस्टॉनची गरज उरली नाही. (पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून हा प्रयोग वाचण्यापुरताच.)

लव्हाझिए यांना उरलेले आकडे पाहा. गेलेली हवा सात-आठ घनइंच, म्हणजे सुमारे एक सप्तमांश ते एक षष्ठांश. पूर्ण एक पंचमांश नव्हे. त्यांनी जसा आकडा आला तसा लिहिला. प्रीस्टली मात्र १८०४ साली मृत्यू येईपर्यंत फ्लोजिस्टॉनच्याच बाजूचे राहिले. ज्या माणसाने प्राणवायू हातात धरला, त्याला तो ओळखता आला नाही. त्यांचे डोळे उत्तम होते. पण आपले अनुमान दुसऱ्या प्रकारे ताडून पाहायला ते तयार झाले नाहीत.

न जुळणारा आकडा

आता प्रामाणिकपणे एका प्रश्नाचे उत्तर द्या. प्रयोगशाळेत तुमच्या नळीतले पाणी एक पंचमांशाऐवजी एक षष्ठांश चढले, तर वहीत काय लिहाल? शेजारच्या वहीत डोकावून, किंवा पुस्तकात पाहून, आकडा 'दुरुस्त' करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो मोह किती महागात पडू शकतो, याची एक गोष्ट सांगतो.

१७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेतला नत्रवायू विजेच्या ठिणग्यांनी प्राणवायूशी संयोग करवून शोषून घेतला. सगळा शोषला जाईल असे वाटत असता एक छोटासा बुडबुडा शेवटपर्यंत उरला. तो मूळ नत्रवायूच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नव्हता. इतका क्षुल्लक, की कोणीही सोडून दिला असता. कॅव्हेंडिश यांनी त्याची नोंद केली.

शंभराहून अधिक वर्षे गेली. लॉर्ड रॅले वायूंच्या घनता फार काळजीपूर्वक मोजत होते. हवेतून प्राणवायू वगैरे काढून टाकून मिळवलेला नत्रवायू दर लिटरला १.२५७२ ग्रॅम भरला; रासायनिक संयुगांपासून तयार केलेला १.२५०५ ग्रॅम. फरक सात मिलिग्रॅमपेक्षाही कमी! रॅले यांनी तो 'प्रयोगातली चूक' म्हणून झटकला नाही. पुन्हा पुन्हा मोजले, फरक जाईना. १८९२ साली त्यांनी हे कोडे छापून रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडले. विल्यम रॅम्झी त्यांना येऊन मिळाले आणि १८९४ साली दोघांनी जाहीर केले, की हवेत एक नवा वायू आहे. तोच आरगॉन. कॅव्हेंडिश यांच्या बुडबुड्याचा अर्थ तेव्हा लागला. 'प्राणवायू काढला की उरते तो नत्रवायूच' हे अनुमान एवढी वर्षे सगळ्यांनी निरीक्षण समजून बाळगले होते. आपण श्वासाबरोबर घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का आरगॉन असून तो कोणाला सापडला नव्हता! १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रॅले यांनी आपला आकडा पुस्तकाशी जुळवून घेतला असता तर?

म्हणून दुसऱ्या रकान्यात जे दिसले, ऐकू आले, मोजले, तेवढेच लिहा. वस्तूंची नावे आणि कारणे तिथे शिरू देऊ नका. तिसऱ्या रकान्यात अनुमान लिहिताना स्वतःला विचारा, याच निरीक्षणाचे दुसरे काही कारण असू शकेल काय? असेल, तर दोहोंचा निवाडा करील असा प्रयोग शोधा. आणि जमल्यास चौथा एक रकाना स्वतःच आखा: 'माझी आधीची अपेक्षा'. तो प्रयोगापूर्वी भरायचा आणि नंतर खोडायचा नाही. शिक्षकांनाही एक विनंती आहे. न जुळलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याऐवजी त्याला विचारा, 'असे का झाले असावे?' वर्गातला खरा तास तिथून सुरू होईल.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

१. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात. एक मुलगा म्हणतो, पाणी काचेतून झिरपले. दुसरी मुलगी म्हणते, ते हवेतल्या वाफेचे आहे. थेंबभर शाईच्या मदतीने हा वाद कसा मिटवाल?

२. एका मोठ्या बरणीखाली एक उंच आणि एक बुटकी अशा दोन मेणबत्त्या एकाच वेळी झाकल्या. आधी कोणती विझेल? अपेक्षा आणि तिचे कारण आधी लिहा, मग प्रयोग करा.

३. मेणबत्ती विझल्यावर पेल्यात प्राणवायू शिल्लक असतो, असे आपण म्हटले. हे आमच्या शब्दावर मानू नका. लोखंडाचा ओला कीस वापरून ते स्वतः कसे पडताळाल? प्राणवायू संपला असेल तर काय दिसायला हवे, उरला असेल तर काय दिसायला हवे, हे दोन्ही आधी वहीत मांडा आणि मगच काडी ओढा.